घरचं वाय-फाय: पासवर्ड कोणाकोणाकडे आहे आणि विचारणा कोणाला होणार?

तापीखोरे (अमळनेर)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी येतील, जावई येतील, भाचरं येतील. घरात पाय टाकल्यावर पाणी नंतर, आधी ‘मामा, वाय-फायचा पासवर्ड काय?’ माहेरी आलेल्या लेकीच्या पोराला नाही म्हणणारा मामा खान्देशात मिळायचा नाही, आणि मिळूही नये. पण तो पासवर्ड पुढे कुठे कुठे जातो याचा विचार घराघरांत व्हावा, म्हणून हा धागा काढतोय.

मी अमळनेर, चोपडा, पारोळा भागात नेटवर्किंगची आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. फायबर आता लहान गावांतही पोचलंय. केबलवाल्याचा माणूस येतो, भिंतीला भोक पाडतो, डबा लावतो आणि ‘पासवर्ड काय ठेवू?’ म्हणून विचारतो. घरधनी आपला मोबाइल नंबर सांगतो. तोच नंबर त्याच्या दुकानाच्या पाटीवर असतो, पोरीच्या लग्नपत्रिकेत असतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगवलेला असतो. नेटवर्कचं नाव म्हणजे आडनाव. म्हणजे घर कोणाचं तेही कळलं आणि किल्ली काय तेही कळलं.

दुसरी गोष्ट राउटरच्या आतल्या पानाची. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की ते उघडतं, आणि बहुतेक घरांत तिथे अजून ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’च चालतं. वाय-फायचा पासवर्ड आणि या पानाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच अनेकांना कोणी सांगितलेलं नसतं. वाय-फायवर आलेला माणूस या पानापर्यंत पोचला, तर पासवर्ड बदलू शकतो, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलू शकतो, तुम्हालाच बाहेर काढू शकतो.

तिसरी गोष्ट क्यूआर कोडची. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, जोडलेल्या फोनवर ‘शेअर’ दाबलं की कोड दिसतो. त्या चौकोनात नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत भरलेले असतात. कोणत्याही स्कॅनरने वाचता येतात, अनेक फोनांवर तर कोडखाली पासवर्ड लिहूनच येतो. एका भाच्याला दिला म्हणजे त्याच्या सगळ्या दोस्तांना दिला, असं धरून चाला.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे, काय अनुभव आले, ते लिहा. शंका असतील त्याही विचारा. जमेल तेवढं सांगतो, बाकी इथले जाणते सांगतील.

कान्हदेश_कट्टा (पारोळा)

भो, आठे खेडामा कोन यी हॅक कराले? आपल्याकडे काय बँक आहे की मिलिटरीची छावणी? शेजारच्या पोराने दोन रील पाहिल्या तर आपलं काय जातं? प्लॅन अनलिमिटेड आहे. त्याच्या बापाने कपाशीला पाणी द्यायला रात्री आपल्याला मोटर दिली होती, आणि आपण त्याला नेट नाही म्हणायचं? हे शहरातलं खूळ आहे. मला मनापासून असंच वाटतं, राग मानू नका.

तापीखोरे (अमळनेर)

राग कशाचा भाऊ. शेजाऱ्याला मदत करू नका असं मी म्हणतच नाही. पण तुमचा मुद्दा रीलचा आहे आणि माझा नावाचा आहे. कनेक्शनच्या फॉर्मवर आधार तुमचं लागलंय, सही तुमची आहे. त्या कनेक्शनवरून बाहेर जे जे जाईल ते तुमच्या नावाने जाईल. आपल्या मीटरवरून दुसऱ्याच्या घरात वायर टाकून दिली, तर आकडा आपल्याच बिलात येतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे बिलात काहीच दिसत नाही.

एक जुनं प्रकरण सांगतो, तेव्हा पेपरात भरपूर छापून आलं होतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तो कुठून गेला याचा माग काढत पोलिस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकी माणसाच्या फ्लॅटवर. संगणक ताब्यात घेतले, चौकशी झाली, देशभर नाव झालं. निघालं काय, तर त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरून ईमेल धाडला होता. पुढच्या दोन महिन्यांत अशाच ईमेलांसाठी माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय वापरलं गेलं. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलिस उघडी नेटवर्कं शोधत गल्ल्यांतून फिरले. या तिन्ही जागा ना बँक होत्या ना छावणी. त्यांचा गुन्हा काही नव्हता, फक्त दार उघडं होतं.

एवढं मोठं काही आपल्या गल्लीत होईलच असं नाही. पण कोणाच्या पोरीच्या फोटोखाली घाण लिहिणं, खोटं खातं काढून धमकावणं, लोन अ‍ॅपच्या नावाने कोणाला लुबाडणं, हे प्रकार खेड्यातही होतात. त्याचा माग काढला तर तो राउटरपर्यंत येतो आणि राउटर कोणाच्या तरी घरात असतो.

कोर्ट_रोड_धुळे

वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीसाठी वापरला तर ६६-सी आहेच. म्हणजे चोरून वाय-फाय वापरणं हा थट्टेचा विषय नाही, हे घरातल्या तरुण पोरांनाही सांगा. पासवर्ड ‘फोडून दाखवला’ म्हणून शाबासकी देऊ नका.

आता मालकाचं. तुमच्या वाय-फायवरून कोणी गुन्हा केला म्हणून तुम्ही आपोआप गुन्हेगार ठरत नाही. पण तपासाची सुरुवात तुमच्या दारातून होते. पोलिस आयपी पत्ता (इंटरनेटवर कनेक्शनला मिळालेला क्रमांक) आणि वेळ घेऊन इंटरनेट कंपनीकडे जातात, कंपनी ग्राहकाचं नाव देते. लहान कंपन्यांत एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे ग्राहक वेगळा ओळखायला पोर्ट क्रमांकही लागतो, पण शेवटी कागदावर नाव ग्राहकाचंच येतं. राउटरच्या पलीकडे कोणता फोन होता हे कंपनीला दिसत नाही. ते शोधायला तुमच्या घरातले फोन आणि लॅपटॉप तपासणीला जाऊ शकतात, आणि ते लवकर परत मिळतील या भरवशावर राहू नका. पोराची परीक्षा असो की दुकानाचा जीएसटी भरायचा असो.

अशी चौकशी आलीच तर घाबरून राउटर रीसेट करू नका. जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे फोटो काढून ठेवा, वेळेसकट. अनेक घरगुती राउटरांतली नोंद वीज गेली की पुसली जाते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

अन्नपूर्णा_जळगाव

मी वरच्या मजल्यावर खोल्या भाड्याने देते आणि खाली मेस चालवते. पोरं सगळी पोलिस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी, चांगल्या घरची. भाड्यातच वाय-फाय आहे. धागा वाचून पुतण्याकडून राउटरचं ते पान उघडून घेतलं, तर यादी संपेचना. माझ्याकडे मुलं नऊ आणि फोन एकतीस! दोन वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेल्या मुलाच्या नावाचा फोन त्यात दिसला. तो आता मागच्या बिल्डिंगमध्ये राहतो हे मला माहीत आहे.

मला त्या मुलाचं वाईट वाटत नाही, गरजेपोटी वापरत असेल. पण बाकीचे कोण? आणि वकीलसाहेब म्हणतात तसं उद्या काही झालं तर मी बाईमाणूस कुठे कुठे उत्तरं देत फिरणार? काय करू सांगा.

भुसावळ_यार्ड

काकू, लगेच घाबरू नका. एकतीस म्हणजे एकतीस माणसं नव्हेत.

आजकालचे फोन खरा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) लपवून बनावट पत्ता दाखवतात. अँड्रॉइड १० आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून हे आपोआप होतं. त्यामुळे एकाच पोराने नेटवर्क ‘विसरून’ परत जोडलं किंवा फोन बदलला, तर जुन्या नोंदींसकट तो यादीत दोनदा-तीनदा दिसू शकतो. काही राउटर गेलेल्या उपकरणांची नावंही बरेच दिवस दाखवत राहतात. ‘एस्प्रेसिफ’ किंवा ‘तुया’ असं काही दिसलं तर ते बहुधा तुमच्याच घरातला स्मार्ट बल्ब नाहीतर प्लग असतो. चिनी नाव दिसलं म्हणून चीनमधून कोणी बसलेलं नसतं.

खरी यादी काढायची असेल तर सगळ्यांना सांगून दहा मिनिटं आपापल्या फोनचं वाय-फाय बंद करायला लावा, टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट बल्ब-प्लग बंद करा, राउटर बंद करून परत सुरू करा. मग यादी पाहायला वापरलेला फोन सोडून जे जोडलेलं दिसेल ते बहुधा तुमचं नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये यावरून दोन घरांत बोलणं बंद झालेलं पाहिलंय. एकाचं नेट संथ झालं, त्याने शेजाऱ्यावर आळ घेतला. खरं कारण वेगळंच होतं. क्वार्टर एकमेकांना चिकटून, प्रत्येक घरात राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्या ओळीतली निम्मी घरं एकाच चॅनलवर होती. याचं चॅनल बदललं, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाकला, नेट सुसाट. संशय घेण्याआधी हे तपासा. शेजार एकदा तुटला की जोडायला फार वेळ लागतो.

शिरपूर_एमआयडीसी

एवढं कशाला? मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणारी सेटिंग) लावा आणि नेटवर्कचं नाव लपवा. विषय संपला.

तापीखोरे (अमळनेर)

भुसावळकर दादांच्या प्रतिसादाला +१. काकूंचं उत्तर खाली देतो.

शिरपूरकर, हे दोन्ही उपाय अजून फार लोक सांगतात, पण त्यांवर विसंबू नका. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. ऐकणारा तो उचलतो आणि स्वतःच्या लॅपटॉपला लावतो. शिवाय वर लिहिलंय तसं फोन स्वतःच पत्ता बदलत असतील तर फिल्टर आपल्याच माणसांना अडवतो आणि घरात कटकट होते. नाव लपवल्याने नेटवर्क लपत नाही. उलट तुमचा फोन बाजारात, बसस्टँडवर, जाईल तिथे ते नाव पुकारून शोधत राहू शकतो.

खरी भिंत पासवर्डचीच आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

राउटरच्या सुरक्षेचे प्रकार सेटिंगमध्ये दिसतात. डब्ल्यूईपी हा १९९७ चा, २००१ मध्येच तो फुटतो हे संशोधकांनी दाखवून दिलं. जुन्या डब्यावर तो अजून असेल तर डबा बदला, त्याला पर्याय नाही. डब्ल्यूपीए२ हा २००४ चा, आज बहुतेक घरांत हाच आहे. डब्ल्यूपीए३ हा २०१८ चा. नवा राउटर असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ असा पर्याय मिळतो, तो निवडा, म्हणजे जुने फोनही चालतात.

डब्ल्यूपीए२ वाईट नाही, पण त्याची एक दुखरी बाजू आहे. फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांत चार निरोपांची देवघेव होते. ती हवेतून जाते आणि जवळ बसलेल्याला टिपता येते. एकदा ती टिपली की त्याला तुमच्या घराजवळ थांबायची गरज नाही. घरी जाऊन संगणकाला अंदाज बांधायला लावायचा, हा पासवर्ड असेल का, तो असेल का. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. आता मोबाइल नंबर घ्या. दहा आकडे, पहिला ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखांनी अंदाज तपासतं. काही तासांत सगळे ४०० कोटी संपतात. आणि नंबर तुमचा आहे हे माहीत असलेल्याला तेवढेही कष्ट नाहीत. आडनावापुढे १२३ हीसुद्धा अशीच पहिल्या फटक्यात जाणारी गोष्ट.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. घरातले, शेतातले, अहिराणीतले कसलेही. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे. आजीलाही पाठ होतो आणि यंत्राला वर्षानुवर्षं सापडत नाही. फक्त म्हण किंवा गाण्याची ओळ घेऊ नका, त्या याद्यांमध्ये असतात.

डब्ल्यूपीएस नावाचं, पासवर्ड न टाकता फोन जोडून देणारं बटण बंद करा. त्याचा आठ आकडी पिन असतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणून प्रत्यक्षात फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे डिसेंबर २०११ मध्ये जगजाहीर झालंय. जुन्या राउटरांवर अजून ते चालू असतं. तुमचा पासवर्ड कितीही जबरदस्त असला तरी या बाजूने दार उघडं राहतं.

आणि गच्ची. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, रात्री अख्खी गल्ली गच्चीवर अंथरुणं टाकते. तिथे मोबाइल चालावा म्हणून लोक राउटर जिन्याच्या वर नेऊन लावतात. गच्चीवर मध्ये भिंत नसते, सिग्नल चार गल्ल्या ओलांडून जातो. राउटर घराच्या मध्यभागी ठेवा. काही राउटरांत सिग्नलची ताकद कमी करायची सोय असते, तीही वापरा.

काकू, तुमच्यासाठी: आजच पासवर्ड बदला, जुने सगळे आपोआप बाहेर पडतील. मुख्य नेटवर्क फक्त तुमच्या घरच्यांसाठी ठेवा. मुलांना ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं काढून द्या. त्यात असलेल्याला तुमचा टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा आणि राउटरचं पान दिसत नाही. ‘एपी आयसोलेशन’ असं काही असेल तर तेही चालू करा, म्हणजे मुलांचे फोन एकमेकांनाही दिसणार नाहीत. आणि एखादा मुलगा खोली सोडून गेला की गेस्टचा पासवर्ड बदलायचा, खोलीच्या कुलपाची किल्ली परत घेतो तसाच नियम ठेवा.

कोर्ट_रोड_धुळे

काकूंना अजून एक. गेस्ट नेटवर्क केलं तरी बाहेर जाताना नाव तुमचंच राहतं, हे विसरू नका. मुलं जास्त असतील तर त्यांनी मिळून स्वतःच्या नावावर कनेक्शन घेणं सगळ्यांत स्वच्छ. ते जमत नसेल तर भाडेकरार आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी नीट ठेवा, कोण कधीपासून कधीपर्यंत राहिलं याची वही ठेवा. नेटचे वेगळे पैसे घेत असाल तर कनेक्शनच्या अटी वाचा, पुढे विकायला सहसा मनाई असते.

शहादा_ते_पुणे

खूप उपयोगी धागा. एक विचारायचंय. आई-बाबा शहाद्याला, मी पुण्यात. शेजारच्या कोणाकडे आमच्या वाय-फायचा पासवर्ड असेल तर तो बाबांचा यूपीआय पिन पाहू शकतो का? बाबांना ही भीती कोणीतरी घातलीय आणि त्यांनी फोनवरून वीजबिल भरणंच बंद केलंय.

तापीखोरे (अमळनेर)

नाही पाहू शकत. बाबांना निर्धास्तपणे सांगा. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप फोनपासून सर्व्हरपर्यंत स्वतःचं कुलूप लावून बोलतात. वाय-फायवर ऐकणाऱ्याला फार तर कोणत्या सर्व्हरशी बोलणं चाललंय एवढा अंदाज येतो, आतलं काही कळत नाही.

धोका आहे तो दुसरीकडून. पासवर्ड असलेला माणूस राउटरच्या पानावर शिरून डीएनएस बदलू शकतो, मग बँकेचा पत्ता टाकल्यावर भलतंच पान समोर येऊ शकतं. अशा वेळी ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. तो लाल इशारा आला की ‘तरीही पुढे जा’ कधीच दाबायचं नाही, एवढं बाबांना शिकवा. घरातल्या संगणकावर ‘शेअर’ केलेलं फोल्डर असेल, जुना कॅमेरा असेल, तर तेही नेटवर्कवरच्या माणसाला दिसतं. पण वीजबिल भरायला हरकत नाही.

शहादा_ते_पुणे

फार बरं वाटलं. आज रात्रीच फोन करते.

गेल्या महिन्यात त्यांना एक फोन आला होता तोही लिहिते, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. समोरचा म्हणाला, ‘तुमच्या राउटरवरून बेकायदा काम चालू आहे, कनेक्शन बंद होणार आहे, मी इंटरनेट कंपनीतून बोलतोय, मी सांगतो ते अ‍ॅप टाका, मी इथूनच दुरुस्त करतो.’ बाबा अ‍ॅप शोधायला लागले होते. आईने फोन हातातून घेतला आणि म्हणाली, ‘केबलवाला तर कालच वर्गणी घेऊन गेला, तो काही बोलला नाही. तुम्ही त्यालाच पाठवा.’ फोन कट.

भुसावळ_यार्ड

आईंना मानलं! स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारी ही अ‍ॅप मुळात दुरुस्तीसाठीच बनलेली आहेत, म्हणून प्ले स्टोअरवर मिळतात आणि माणूस फसतो. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते, त्यासाठी जळगावला चकरा मारायची गरज नाही.

रावेरची_केळी

थोडा वेगळा प्रश्न. केळीच्या बागेत पंपाजवळ शेड आहे. केबल आणि स्टार्टर चोरीला जातात म्हणून तिथे सिमचा राउटर आणि फिरणारा कॅमेरा लावलाय. परवा रात्री घरी बसून मोबाइलवर पाहत होतो. कॅमेऱ्याचं तोंड पंपाकडे होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते हळूहळू डावीकडे वळलं, ठिबकच्या फिल्टरवर थांबलं, मग सालदाराच्या खोपीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. खोपीत त्याची बायको-पोरं राहतात. मी बटणाला हातही लावलेला नव्हता. बायको म्हणाली वाऱ्याने हललं असेल. वाऱ्याने कॅमेरा असा टप्प्याटप्प्याने थांबत फिरतो का?

रात्रीच सालदाराला फोन करून कॅमेऱ्याची वायर काढायला लावली. त्याच्या घरातल्या बाईमाणसांवर कोणाची तरी नजर होती, हे मनातून जात नाही.

तापीखोरे (अमळनेर)

वायर काढलीत ते उत्तम केलंत. पुन्हा लावण्याआधी शांतपणे दोन गोष्टी पाहा.

पहिली, आणि माझ्या अनुभवात हीच जास्त वेळा निघते: कॅमेरा लावणाऱ्याने तो स्वतःच्या मोबाइलच्या खात्यावर जोडलेला असतो आणि तुम्हाला नुसता ‘शेअर’ केलेला असतो. म्हणजे अ‍ॅपच्या दृष्टीने मालक तो, पाहुणे तुम्ही. तुम्ही वाय-फायचा पासवर्ड शंभरदा बदला, कॅमेरा नव्या पासवर्डने जोडलात की त्याला दिसणं सुरूच. अ‍ॅपमध्ये ‘डिव्हाइस शेअरिंग’ उघडा, तिथे मालक कोण ते कळतं. तुमचं नाव नसेल तर लावणाऱ्याकडून त्याच्या खात्यातून कॅमेरा काढून टाकायला लावा, समोर बसून. मग कॅमेऱ्याचं रीसेट बटण दाबून तुमच्या खात्यावर नव्याने जोडा.

दुसरी, कॅमेऱ्याचा किंवा डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असणं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा व्हायरससारखा प्रोग्राम पसरला. त्याच्याकडे अशा साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, त्या वापरून त्याने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर आपल्या फौजेत ओढले. त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ‘डाइन’ या डीएनएस पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा यात आहे हे माहीतही नव्हतं. यंत्र गाव बघत नाही भाऊ, पारोळा काय नि रावेर काय, ते फक्त पत्ते चाळत जातं. कान्हदेश_कट्टा यांच्या पहिल्या प्रश्नाचं हे खरं उत्तर आहे.

घरातलं एखादं यंत्र असं ओढलं गेलंय अशी शंका असेल तर सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलंय, संगणक आणि फोन साफ करायची साधनं तिथे फुकट मिळतात.

आणि सालदाराला तुम्ही स्वतः भेटून काय झालं ते सांगा. खोपी दिसणार नाही असा कॅमेरा बसवा. ते कुटुंब तुमच्या भरवशावर तिथे राहतं.

कान्हदेश_कट्टा (पारोळा)

कॅमेऱ्याचं वाचून अंगावर काटा आला. तुमनं म्हननं खरं शे, मान्य. आमच्याही खळ्यात असाच कॅमेरा आहे, उद्याच बघतो मालक कोण आहे ते.

पण एक अडचण सांगा. शेजारी, व्याही, मित्र, यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? पासवर्ड बदलला की दुसऱ्या दिवशी पोरगं दारात उभं, ‘काका, नेट जोडलं जात नाही.’ आपण काय उत्तर द्यायचं? खोटं बोललेलं मला जमत नाही.

अन्नपूर्णा_जळगाव

भाऊ, खोटं कशाला बोलायचं. मी कालच मुलांना जेवताना बसवून सरळ सांगितलं, बाबांनो, उद्या काही झालं तर पोलिस माझ्याकडे येतील, आणि तुमच्या भरतीच्या चारित्र्य पडताळणीतही नाव येईल. एकही पोरगं रुसलं नाही. उलट त्यातल्याच एकाने गेस्ट नेटवर्क चालू करून दिलं. मागच्या बिल्डिंगमधला तो मुलगा संध्याकाळी आला होता. त्याला म्हटलं, फॉर्म भरायचा असेल, ऑनलाइन टेस्ट असेल तेव्हा इथे मेसमध्ये येऊन बस, चहा पण पी. तो येतो आता. समोर बसून वापरतो, मला काही वाटत नाही.

कान्हदेश_कट्टा (पारोळा)

काकू, हे पटलं. शेजारच्या पोराला ओट्यावर बसून वापरू देईन. गेस्टमधून.

रावेरची_केळी

तापीखोरे भाऊ, अ‍ॅप उघडून पाहिलं. मालक मी नाही. लावणाऱ्याचाच नंबर आहे. त्याला फोन केला तर म्हणतो, ‘सर्व्हिसला सोपं जावं म्हणून सगळ्यांचं असंच ठेवतो.’ उद्या सकाळी त्याला बागेत बोलावलंय. आमच्या गावात त्याने अजून बऱ्याच जणांकडे कॅमेरे लावलेत, त्यांनाही निरोप दिलाय.

सिमच्या राउटरचा पासवर्ड बदलायला बसलो, पण पान उघडत नाही. डब्याचा फोटो इथे टाकू का?

तापीखोरे (अमळनेर)

फोटो टाकू नका. डब्याखालच्या लेबलवर नेटवर्कचं नाव, पासवर्ड, कधीकधी आतल्या पानाचं लॉगिनही छापलेलं असतं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नको.

त्याच लेबलवर पत्ता असेल, सिमच्या राउटरांना बहुधा १९२.१६८.८.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. मोबाइलचा डेटा बंद करा, नाहीतर फोन त्या पानाऐवजी बाहेर शोधत बसतो. मग फक्त राउटरच्या वाय-फायवर राहून पत्ता टाका. तरी नाही उघडलं तर मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, राउटर कोरा होईल. सिमचा एपीएन (मोबाइल कंपनीच्या नेटची सेटिंग) आधी लिहून ठेवा, तो परत भरावा लागू शकतो. आतलं पान उघडलं की आधी तिथला पासवर्ड बदला, मग वाय-फायचा, मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून इंटरनेटवरून राउटरचं पान उघडायची सोय) आणि डब्ल्यूपीएस बंद करा. कॅमेरा सगळ्यांत शेवटी जोडा, तोही तुमच्या खात्यावर आल्यावरच. सकाळी अडकलात तर इथे लिहा, मी बघत राहीन.